झीज आणि ओळख

काही वर्षे खेळ सुटलेला माणूस पुन्हा गोल्फकडे वळतो तेव्हा नवा संच विकत घेण्याऐवजी पुष्कळदा माळ्यावरचे जुने क्लब खाली काढतो. मात्र ते आहेत तसे तो वापरत नाही. जड पोलादी शाफ्ट काढून हलका बसवून घेतो, फुटलेल्या चामड्याच्या जागी रबराची ग्रिप चढवतो, शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन आपल्या आजच्या कमरेला आणि गुडघ्याला झेपेल असा वळवून घेतो. जुन्या घडीव आयर्नचे डोके मऊ कार्बन पोलादाचे असते, म्हणून ते शिकंज्यात धरून एखाद-दोन अंश वाकवता येते. साच्यात ओतलेली बरीच डोकी याला दाद देत नाहीत. एवढे सगळे झाल्यावर हातात येतो तो जुनाच क्लब की दुसराच? आणि तो धरणारा, वजनाने वाढलेला, नजरेने मंदावलेला माणूस तरी पूर्वीचाच खेळाडू म्हणायचा का? प्रश्न छंदातला वाटतो, पण आपल्या दर्शनांनी शतकानुशतके ज्यावर वाद घातला तोच हा प्रश्न आहे. वस्तूची आणि माणसाची ओळख द्रव्यात नसून संस्कारात असते, आणि संस्काराला काळाच्या अंतराने खंड पडत नाही, असे माझे म्हणणे आहे. म्हणून जुळवून घेतलेला जुना क्लब जुनाच, आणि परतलेला खेळाडूही तोच.

द्रव्याचा दावा आधी तपासू, आणि त्यासाठी जालन्यासारखी जागा नाही. या शहराच्या औद्योगिक वसाहतीत भंगाराचे ट्रक येतात: मोडीत निघालेली यंत्रे, गाड्यांचे पत्रे, घरांच्या खिडक्यांचे गज, गंजलेली शेतीची अवजारे. इंडक्शन भट्टीत ते सारे वितळते, त्याचे बिलेट ओतले जातात, आणि रोलिंग मिलमधून लालबुंद सळई बाहेर पडते. यात लोखंड बहुतेक सगळे टिकते. मळी सोडली तर फारसे काही वाया जात नाही. तरीही घराच्या स्लॅबमध्ये गेलेल्या सळईकडे बोट दाखवून ‘हा माझ्या आजोबांचा फाळ’ असे कुणी म्हणत नाही, आणि ते बरोबरच आहे. द्रव्य शाबूत राहिले आणि वस्तू संपली. उलट त्याच फाळाचे टोक झिजल्यावर गावच्या लोहाराने त्याला नवे पोलाद जोडून दिले असते, तर निम्मे लोखंड बदलूनही तो आजोबांचाच फाळ राहिला असता. ओळख द्रव्यात असती तर आपला निवाडा नेमका उलटा झाला असता.

यावर बौद्ध दार्शनिक म्हणेल की द्रव्यात नाही हे खरे, पण दुसरीकडे तरी कुठे आहे? मिलिंद राजाला भिक्षू नागसेनाने हेच विचारले होते. चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? कुठलाच भाग रथ नाही. रथ हे व्यवहारापुरते नाव. हा आक्षेप भारी आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. पण तोच नागसेन पुढे रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला देतो, आणि पहिल्या प्रहरातली ज्योत व शेवटच्या प्रहरातली ज्योत धड एकही नाहीत आणि धड वेगळ्याही नाहीत, असे कबूल करतो. म्हणजे एक सलग धागा त्यालाही मान्य करावा लागतो. वेदान्त्यांनी या धाग्यासाठी देवदत्ताचे उदाहरण घेतले. पूर्वी दुसऱ्या गावात पाहिलेला देवदत्त आज इथे दिसतो आणि आपण म्हणतो, तोच हा. तेव्हाचे गाव, तेव्हाचा काळ, तेव्हाचे वय आपण सोडून देतो आणि उरलेल्यात ऐक्य पाहतो. नैयायिकांनी या ‘तोच हा’ अशा ज्ञानाला प्रत्यभिज्ञा म्हटले आणि वस्तू टिकते याचा पुरावा म्हणून ते बौद्धांपुढे ठेवले.

‘तोच हा’ अशा ओळखीची एक कथा जालन्याजवळच आहे. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. 1608 मध्ये जन्मलेला नारायण लग्नाच्या बोहल्यावरून निघून गेला. टाकळीच्या तपाची बारा वर्षे आणि तीर्थाटनाची बारा वर्षे संपल्यावर तो जांबला परतला, असे परंपरा सांगते. नाव बदललेले, वेश बदललेला, मुलाचा बाप्या झालेला. आणि दारात आई राणूबाई, जिची दृष्टी तोवर गेली होती. चरित्रकार पुढे सांगतात तो दृष्टी परत येण्याचा चमत्कार भाविकाने मानावा. मला त्याहून मोठी वाटते ती ओळख. डोळ्यांना पटण्यासारखे काही उरले नसताना आईने मुलाला ओळखले. या कथेत मधली चोवीस वर्षे पुसली जात नाहीत. समर्थ नारायण होऊन घरात राहत नाहीत, ते पुन्हा निघतात. परतणे म्हणजे मागे जाणे नव्हे, हे या गावाने फार पूर्वीपासून जपून ठेवले आहे.

मग ओळख पटते कशावरून? अमेरिकेचा गोल्फपटू बेन होगन फेब्रुवारी 1949 मध्ये बसच्या धडकेत जवळजवळ मेलाच होता. सोळा महिन्यांनी, पायांना पट्ट्या गुंडाळून, त्याने मेरियन येथे यूएस ओपन जिंकली. तिथे शेवटच्या होलवर त्याने ज्या एक नंबरच्या आयर्नने फटका मारला, ते चोरीला गेले आणि तीसेक वर्षांनी जुन्या क्लबच्या ढिगात सापडले. त्याच्या चेहऱ्यावर नाण्याएवढ्या एकाच जागी झीज होती, कारण होगनचा चेंडू पुन्हा पुन्हा तिथेच लागत असे. होगनने ते आपलेच म्हणून ओळखले. त्याच साच्यातली इतर आयर्न कितीतरी होती. ती झीज एकाच आयर्नवर होती. पंढरपुरातही विठ्ठलाच्या चरणांची झीज लाखो हातांनी आणि कपाळांनी केली आहे. ती थांबावी म्हणून मूर्तीवर वज्रलेप देतात, 2020 मध्येही दिला, पण झिजलेले पाय पुन्हा कोरून नवे करावेत असे कुणी सुचवत नाही. जांबच्या राममंदिरातल्या मूर्ती ऑगस्ट 2022 मध्ये चोरीला गेल्या तेव्हा तशाच धातूच्या नव्या घडवणे अशक्य नव्हते. गावाला त्याच मूर्ती हव्या होत्या, आणि ऑक्टोबरात पोलिसांनी त्या शोधून काढल्या. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पूजेने मूर्तीवर जो संस्कार केला तो नव्या धातूत ओतता येत नाही.

हाच न्याय माणसाला लागतो. योगसूत्रांच्या चौथ्या पादात पतंजली सांगतात की जन्म, देश आणि काळ यांचे अंतर मध्ये आले तरी स्मृती आणि संस्कार यांची सलगता तुटत नाही, कारण दोघांचे रूप एकच. पुनर्जन्म न मानणाऱ्यालाही यातला काळापुरता भाग पडताळता येतो. सायकल सुटली तरी तोल सुटत नाही, आणि दहा वर्षांनी हातात क्लब घेतलेल्याची बोटे विचार करण्याआधी एकमेकांत अडकतात. यावर कुणी म्हणेल, जुना संस्कार हाच तर धोका आहे. तरुणपणीचा झपाट्याने वळणारा फटका पन्नाशीच्या पाठीला मोडेल. अगदी खरे, आणि म्हणूनच क्लब जुळवून घ्यायचा. पतंजलींनीही नवे संस्कार जुन्यांना आवर घालतात असे म्हटले आहे. हलका शाफ्ट, बदललेला कोन हे तसे नवे संस्कार आहेत. ते जुन्याला पुसत नाहीत, फक्त त्याचा वेग सांभाळतात. जसाच्या तसा जुना क्लब हट्टाने वापरणारा माणूस वस्तूशी इमान राखत असेल, पण स्वतःच्या शरीराशी खोटे बोलतो.

दोन हरकती उरतात. एक वैराग्याची: जुन्या लोखंडावर इतका जीव कशाला, ही आसक्तीच नाही का? आसक्ती असते ती वस्तू बदलू नये या आग्रहात. जो स्वतःच्या हाताने तिचा दांडा कापायला देतो, तिचा कोन मोडायला परवानगी देतो, त्याने मालकीचा बराच मोठा भाग आधीच सोडलेला असतो. दुसरी हरकत व्यवहाराची, आणि ती मी पूर्णपणे परतवू शकत नाही. झिजलेल्या खाचांमुळे चेंडूला फिरकी कमी मिळते, त्यामुळे ज्याला स्पर्धा जिंकायची आहे त्याने नवा संच घ्यावा, हेच योग्य. पण ज्याला परतायचे आहे त्याचे काम वेगळे. त्याला आपल्या हाताचा जुना माग हवा असतो, आणि तो त्या चेहऱ्यावरच असतो. म्हणून क्लब कारागिराकडे देताना शाफ्ट, ग्रिप, कोन सगळे बदलू द्या, पण चेहरा घासून त्यावर नवा क्रोमचा मुलामा चढवायला मात्र स्पष्ट नकार द्या.