कुणी ओळखीचं आहे का तिथं?

पंढरपूरला जायचं ठरलं की घरात आधी तारखेवरून चर्चा होते. एकादशी नको, चेंगरून जाऊ. शनिवार-रविवार नको, अर्धं पुणं तिथंच असतं. मे महिना नको, उन्हानं हाल होतील. मग गाडी आपली काढायची की कुर्डुवाडीमार्गे रेल्वेनं जायचं? मुक्काम भक्तनिवासात की सोलापूरला मावशीकडं? एवढं लांब जातोच आहोत तर अक्कलकोट-तुळजापूरही करून यावं का? दोन दिवस मोबाइलवरच्या घरच्या ग्रुपवर हे चालतं. सगळं जुळत आलं की कुणीतरी विचारतं, "पण दर्शनाचं काय? कुणी ओळखीचं आहे का तिथं?"

असतंच कुणीतरी. मेव्हण्याच्या साहेबांचा वर्गमित्र तहसील कचेरीत निघतो, शेजारच्या काकांचा भाचा पोलिसात असतो, नाहीतर कुणाच्या तरी आमदारांच्या पीएकडं उठबस असते. फोन जातो. "घरची वडीलधारी मंडळी आहेत हो, जरा बघा ना." पलीकडच्या बिचाऱ्याचा त्या दिवसातला असा हा कितवा तरी फोन. नाही म्हणावं तर नातं बिघडतं, हो म्हणावं तर आणखी कुणाला तरी गळ घालावी लागते. तो हो म्हणतो.

आजचा विषय हा फोन आहे. भ्रष्टाचार वगैरे मोठे शब्द इथं आणण्याचं कारण नाही. यात बहुतेक वेळा पैसा नसतो आणि फोन करणारी माणसं चांगली असतात. हीच माणसं बँकेत कुणी मध्ये घुसलं तर हटकतात. मग देवाच्या दारातच त्यांना रांग का टाळावीशी वाटते?

आधी तिथलं गणित बघू. विठ्ठलाच्या पायांवर कुणालाही डोकं ठेवता येतं. या पदस्पर्श दर्शनाच्या ओढीनं लोक तासन् तास उभे राहतात. (इतकी डोकी टेकतात की मूर्तीची झीज होते, त्यासाठी वेळोवेळी वज्रलेप करावा लागला, अगदी २०२० सालीसुद्धा.) पण पायावर डोकं एका वेळी एकालाच ठेवता येतं. दर्शनमंडप कितीही मोठा बांधा, पत्राशेड कितीही वाढवा, रांग गोपाळपुरापर्यंत न्या; शेवटी गाभाऱ्यात एकामागून एकच माणूस वाकणार. त्यातही काकडा, नित्यपूजा, महानैवेद्य, पोशाख, धूपारती, शेजारती असा देवाचा दिनक्रम आहे आणि त्या त्या वेळी रांग थांबते.

हिशेबासाठी माणशी दोन सेकंद धरा. तासाला १८०० माणसं झाली. आता बाजूच्या दारानं ओळखीचं दहा जणांचं कुटुंब आत येतं. त्यांना कुणी दोन सेकंदांत उठवत नाही. हार घातला जातो, तुळस वाहिली जाते, आजींना सावकाश वाकू देतात, धाकट्याला उचलून देवाच्या पायाशी टेकवतात. पाच मिनिटं सहज जातात. मागे १०,००० माणसं उभी असतील तर प्रत्येकाची पाच मिनिटं गेली. एकूण ५०,००० मिनिटं, म्हणजे सुमारे ८३३ तास. घरी आल्यावर आपण सांगतो की आमचे तीन-चार तास वाचले. ते वाचण्यासाठी इतरांचे आठशेहून अधिक तास खर्ची पडले, हा आकडा आपल्यासमोर कधी येत नाही.

येणार तरी कसा? पाच मिनिटांसाठी कुणी तक्रार करत नाही. नुकसान इतक्या जणांत वाटलं जातं की कुणालाच ते आपलं नुकसान वाटत नाही. दिवसभरात अशी पंचवीस-तीस कुटुंबं येऊन गेली की मात्र मागच्या बाईची संध्याकाळची एसटी चुकते. का चुकली हे तिला कळत नाही.

ती बाई परभणीकडची धरा, नाहीतर जतकडची. खांद्यावरचं गाठोडं तिनं कधीच खाली ठेवलंय. रांग सरकली की ती ते पायानं पुढं ढकलते. कठड्याच्या गार लोखंडाला घटकाभर पाठ लावते. पुढच्या बायका हरिपाठ म्हणताहेत, त्यांच्यात तोंडातल्या तोंडात सूर मिसळते. मागून आवाज येतो, "माउली, सरा पुढं." पण पुढं सरायला जागाच नाही, रांग थांबलीय. नातू विचारतो, "आजी, काय झालं?" ती म्हणते, "देवाची पूजा चाललीय, बाळा." देव जेवत असेल, देवाला पोशाख करत असतील, असंच ती धरून चालते. आपल्यामुळं थांबलेली रांग देवाच्या नावावर जमा होते. आपल्याला कुणी दोष देत नाही, याहून मोठी सोय कोणती?

याच देवळाच्या महाद्वारासमोर संत चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला भिंतीचं काम चालू असताना ती कोसळली आणि १३३८ साली चोखामेळा तिच्याखाली गेले. हयातीत त्यांना या देवळात पाऊल टाकता आलं नाही. पुढं शतकं लोटली, तरी दाराची रीत तीच राहिली. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरातच प्राणांतिक उपोषण केलं, तेव्हा दहाव्या दिवशी अस्पृश्य मानलेल्यांसाठी मंदिर खुलं करण्याचा निर्णय झाला. १९७३ साली बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे परंपरागत हक्क काढून घेणारा कायदा झाला, त्यावरचा खटला चाळीस वर्षं चालला आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं त्यावर पडदा पडला. देवाच्या पायाशी कुणी किती जवळ जायचं, हा पंढरपुरात फार जुना वाद आहे.

जातीमुळं दाराबाहेर ठेवणं आणि ओळखीनं पुढं घुसणं यांची बरोबरी मी करणार नाही. चोखोबांना रांगच नव्हती; परभणीच्या बाईला उशिरा का होईना, दर्शन मिळतं. तरीही एक गोष्ट खटकते. जन्मानं काही जणांना पुढचा मान मिळत होता, तो काढायला एवढा काळ आणि एवढी माणसं लागली. तो निघाल्याला पुरती पिढीही झाली नाही, तोवर त्या जागी फोनबुकातल्या नावांनी मान मिळू लागला आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग पैसे देऊन दर्शन बरं का? तिरुपतीला तीनशे रुपयांचं, शिर्डीला आणि त्र्यंबकेश्वरला दोनशे रुपयांचं दर्शन लोकांच्या अंगवळणी पडलंय. मला ते पटत नाही. देवापुढं दरपत्रक लागावं, हे वारकऱ्यांच्या मुलखात वाढलेल्या कुणालाच सहज पचू नये. मात्र त्या दर्शनाचा दर फलकावर असतो, पावती मिळते, देवस्थानाच्या वहीत पैसा जमा होतो आणि किती जणांना असं सोडलं याची मोजदाद असते. ओळखीच्या दर्शनाची कुठंच नोंद नसते. म्हणून दोन्हींत डावं-उजवं करायचंच झालं तर मी पावतीवाल्याला कमी दोष देईन. व्हीआयपी दर्शनाविरुद्धची याचिका जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढं आली होती. अशी खास वागणूक असू नये असं मत न्यायालयानं व्यक्त केलं, पण आदेश द्यायचं नाकारलं आणि विषय संबंधित यंत्रणांवर सोडला. त्या काय करतील ते करोत. फोन करायचा की नाही, हे ठरवायला कायदा लागत नाही.

आपल्याकडं सगळ्यात भक्कम सबब असते ती आईवडिलांची. "आम्ही उभं राहू हो, पण आईचे गुडघे…" हे खरंच असतं. अपंग, आजारी, तान्ही बाळं घेतलेल्या आया, पंच्याऐंशीच्या आजी यांना पुढं सोडलं तर रांगेतला एकही माणूस कुरकुरणार नाही. उलट तीच माणसं बाजूला सरून वाट करून देतात. अडचण तिथं होते, जिथं आजींच्या मागं सून, मुलगा, दोन नातवंडं, जावई आणि जावयाचा मित्र आत शिरतो. गुडघे एकीचे दुखत असतात, सवलत आठ जण घेतात.

आणि आईवडिलांचंच म्हणायचं तर पुंडलिकाची गोष्ट इथलीच आहे. ती कीर्तनांतून इतकी घासली गेलीय की सांगायचा संकोच वाटतो, तरी तिच्यातली एक बाब बहुधा निसटते. आईवडिलांच्या सेवेसाठी पुंडलिकानं देवाला थांबवलं, दुसऱ्या भक्तांना नव्हे. आईला उभं राहवत नसेल तर पदस्पर्शाचा हट्ट सोडता येतो. मुखदर्शनाची रांग वेगळी असते आणि ती भराभर सरकते. आषाढीला आलेले किती तरी वारकरी नामदेव पायरीला हात लावून, कळसाकडं बघून परत फिरतात आणि वारी अपुरी राहिली असं म्हणत नाहीत. २०२४ मध्ये मंदिराच्या जतनाच्या कामासाठी १५ मार्चपासून २ जूनपर्यंत पदस्पर्श बंद होता, तेव्हाही लोक येत होते, दुरून बघून जात होते. २०२० साली तर करोनामुळं पालख्यांच्या पादुकाच एसटीनं पंढरीला आल्या. पायावर डोकं ठेवल्याशिवाय भेट झाली नाही, असं वारीला कधीच वाटलेलं नाही. ही अट आपल्यासारख्या गाडीनं जाऊन रात्रीपर्यंत परतणाऱ्यांची आहे.

रांगेचा मान तिथं अजून राखला जातो, याची एक खूण दर आषाढीला दिसते. मुख्यमंत्र्यांसोबत महापूजेला बसण्याचा मान दर्शनरांगेतल्या एका वारकरी दांपत्याला मिळतो. वर्षभराचा एसटीचा मोफत पासही मिळतो. हे दांपत्य कुणाच्या चिठ्ठीनं आत आलेलं नसतं, रात्रभर उभं राहून आलेलं असतं. त्याच काळात देवाचा पलंग काढून ठेवतात, पाठीशी लोड देतात आणि प्रक्षाळपूजेपर्यंत दर्शन रात्रंदिवस चालू राहतं. पुढं पूजा झाल्यावर शिणवटा जावा म्हणून देवाला काढाही देतात. रांग संपावी म्हणून देवाची झोप मोडायची, ही त्या गावाची रीत. त्याच गावात आपण रांग टाळण्यासाठी ओळखी शोधत असतो.

"आपण एकट्यानं फोन केला नाही म्हणून काय फरक पडतो?" हा प्रश्न येणारच. वरचं गणित एकाच कुटुंबाचं होतं, एवढंच त्यावर उत्तर.

तर बेत आखताना मुक्काम, पेट्रोल, जेवण यांच्याबरोबर रांगेचे तासही धरावेत. दोनऐवजी एकच देवस्थान करावं, पण सकाळ सगळी मोकळी ठेवून. तुळजापूर कुठं पळून जात नाही. आडवार बघावा. पाण्याची बाटली, राजगिऱ्याच्या वड्या, आजोबांच्या गोळ्या जवळ ठेवाव्यात आणि चपला गाडीतच सोडाव्यात. घरातल्या धडधाकटांनी पदस्पर्शाला उभं राहावं, आजी-आजोबांना एकानं मुखदर्शनाला न्यावं. दोन्हीकडची मंडळी मागंपुढं बाहेर पडणार, म्हणून भेटायची जागाही आधीच ठरवून टाकावी. फक्त ती महाद्वारासमोर नको. तिथं प्रत्येक जण आपल्या कुणाला तरी शोधत उभा असतो.