बर्णबा तार्सास गेला

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ११:२२-२६, १३:१-४३



गेल्या महिन्यात मंडळीच्या एका कामासाठी मला हैदराबादेस जावे लागले. काचीगुड्यास उतरून सिकंदराबादेत एका ओळखीच्या ख्रिस्ती कुटुंबात मुक्काम केला. हे कुटुंब मूळचे जालन्याकडचे. रेव्ह. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवले, तेव्हा तो सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली मराठवाडा वेगळा झाला, तरी नोकरीपायी आपली कितीतरी माणसे तिकडेच राहिली. ह्या घरी संध्याकाळी अजून मराठी पवित्र शास्त्र उघडले जाते. भाजीवालीशी बोलणे मात्र तेलुगूत.

घरची मुलगी बास्केटबॉल खेळते, आणि त्यावरच तिचे पोट आहे. आपल्या देशात स्त्रियांच्या ह्या खेळाला क्रिकेटसारखा पैसा नाही. म्हणून रेल्वे, बँक, वीज मंडळ अशा ठिकाणी खेळाडू म्हणून नोकरी मिळवायची आणि त्या संघाकडून खेळायचे, अशी रीत आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वी बाराजणींची यादी लागते. ही मुलगी आता एकतीस वर्षांची. मागच्या हंगामात उंच उडी घेऊन खाली येताना तिच्या गुडघ्याचे लिगामेंट तुटले, शस्त्रक्रिया झाली, नऊ महिने खेळ बंद. स्त्री-खेळाडूंना ही दुखापत पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक होते, हे मला तिच्याकडूनच कळले.

एके दिवशी पहाटे साडेपाचला मी तिच्याबरोबर सरावाला गेलो. चेंडूचा खेळ पाहायला मिळेल अशी माझी कल्पना. पण पहिला तासभर कोणी चेंडूला हातही लावला नाही! लाकडी खोक्यावरून उडी मारायची आणि गुडघे आत न वळू देता अलगद उतरायचे, एवढेच पुन्हा पुन्हा. मग वाकून आडवे धावणे. फ्री थ्रो अगदी शेवटी, पाय लटपटू लागल्यावर. फळीपासून पंधरा फूट अंतर, रिंग दहा फूट उंच. दमल्यावरच का, असे मी कोचना विचारले. सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला कोण ताजेतवाने असते, असे म्हणून ते शिट्टी वाजवायला निघून गेले.

हा खेळ आपल्यालाही परका नाही. १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे वाय. एम. सी. ए.च्या शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी पीचच्या टोपल्या सज्जाला ठोकून तो सुरू केला. ते ईश्वरविज्ञान शिकलेले होते. लोकांनी त्यांना व्यासपीठ सोडून व्यायामशाळेत काय करतोस म्हणून बोल लावला असेलच. पुढे १९१६ साली त्यांना पाळकपदाची दीक्षाही मिळाली. स्त्रिया तर खेळ निघाल्यावर वर्षभरातच तो खेळू लागल्या.

पण मला सांगायचे आहे ते वेगळेच. त्या मैदानावर एकोणीस वर्षांची एक तेलुगू मुलगी होती. आमची मुलगी सारखी तिच्याजवळ जाई, तिचे कोपर सरळ करी, पाऊल कुठे टाकायचे ते दाखवी. ती पोर तिला ‘अक्का’ म्हणे. परतताना मी सहज विचारले, “ही कोण गं?”

“मामा, ती माझ्याच जागेवर खेळते. पॉइंट गार्ड दोघीच घेतील. एक ठरलेली आहे. दुसरी ती, नाहीतर मी.”

“मग तिला शिकवतेस कशी?”

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “न शिकवावे, आणि भर हंगामात माझा गुडघा पुन्हा गेला तर? संघ कोणी चालवायचा?” आणि जिना चढताना हळूच म्हणाली, “पण रात्री झोप येत नाही, मामा.”

त्या रात्री मलाही लवकर झोप आली नाही. मी शास्त्र उघडले. अंत्युखियात काम जोरात चालले होते आणि ते बर्णबाच्या हाती होते. यरुशलेमेने त्यालाच पाठवले होते. अशा वेळी तो उठून तार्सास गेला आणि ज्याला लोक भीत होते त्या शौलाला शोधून घेऊन आला. तेराव्या अध्यायाच्या आरंभी अंत्युखियातील संदेष्टे व शिक्षक यांची नावे आहेत. मोजून पाच, कोर्टावर उतरतात तितकीच! त्यांत बर्णबा पहिला आहे, शौल शेवटचा. पण हा अध्याय संपण्यापूर्वीच लूक ‘पौल व बर्णबा’ असे लिहू लागतो. यरुशलेमेच्या सभेत पुन्हा बर्णबाचे नाव आधी येते, कारण तिथली माणसे जुन्या ओळखीची. बाकी बहुतेक ठिकाणी तो दुसरा. त्याला रात्री झोप येत होती की नाही, हे लूक सांगत नाही. पौलाशी त्याचे कडाक्याचे भांडणही झाले. पण तेदेखील मार्क नावाच्या आणखी एका तरुणाला संधी द्यावी म्हणून. खोड गेली नाही म्हणायची!

खेळाच्या जगातही हे घडते. २०१७ साली बंगळूरला आशिया चषकाच्या ‘ब’ गटात भारतीय स्त्रियांनी अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असे हरवले. कर्णधार होत्या चेन्नईच्या अनिता पॉलदुराई. बाळंतपणानंतर परत आलेल्या ह्या खेळाडूला २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्याच संघात पुण्याची शिरीन लिमये होती. पुढे तीही भारताची कर्णधार झाली.

आता माझे सांगतो. आमच्या शब्बाथ शाळेचे काम अठरा वर्षे माझ्याकडे आहे. ईश्वरविज्ञानाची पदविका असल्यामुळे मला कोणी हटकत नाही. मंडळीत एक शिक्षिका झालेली तरुण मुलगी आहे. मोठ्या मुलांचा वर्ग मागायला ती दोनदा माझ्याकडे आली. मी तिला नाताळच्या सजावटीचे काम दिले. तिची अजून तयारी नाही, असे मी कमिटीत सांगितले. तयारी कोणी करून घ्यायची होती, हे कोणी विचारले नाही आणि मीही ते काढले नाही. तार्सास जाणे दूरच. तार्सहून आलेल्याला मी दारातून परतवले.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ती तेलुगू मुलगी गुडघ्याचा पट्टा मागायला घरी आली. तिला जेवायला बसवले. जेवणानंतर आमची मुलगी मला म्हणाली, “मामा, यादीसाठी प्रार्थना करा ना.” दोघीही समोर डोके झाकून बसल्या. कोणाचे नाव घेऊ? तोंडून शब्द फुटेना. शेवटी दोघींच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना केली. त्या पोरीला मराठीचे अक्षर कळत नव्हते, पण आमेन तिनेच मोठ्याने म्हटले.

हा अंक आपल्या हाती पडेल तोवर यादी लागलेली असेल. आमच्याकडे पुढल्या रविवारी मोठ्या मुलांचा धडा ती शिक्षिका घेणार आहे. अठरा वर्षांच्या माझ्या टिपणांच्या वह्या तिला देऊन आलो. तिने त्या चाळल्या आणि म्हणाली, “दादा, ह्यातले थोडे बदलले तर चालेल का?”