मरियामातेची साडी

आपल्या घरातील भिंतीवर पवित्र मरियेचे चित्र असेल, तर क्षणभर त्याकडे पाहा. गोरा वर्ण, पिंगट केस, निळा पायघोळ झगा. हा पेहराव नासरेथचा नव्हे. युरोपातील चित्रकारांनी तो आपल्या कल्पनेने व आपल्या परिसरातून घेतला. त्याविषयी आपल्या मनात कधी शंका येत नाही. मरियेने साडी नेसली की मात्र येते.

अँजेला त्रिंदाद यांनी तिला साडी नेसवली. १९०९ साली मुंबईत जन्मलेल्या अँजेला या गोव्याचे विख्यात चित्रकार आंतोनियो शावियेर त्रिंदाद यांच्या कन्या. जे. जे. कलाशाळेत त्या शिकल्या. पित्याची शैली पाश्चात्त्य वळणाची. कन्येने मात्र ख्रिस्ती विषयांसाठी भारतीय रेषा व रंग स्वीकारले. पोप बारावे पायस यांनी त्यांना पदक देऊन गौरविले. १९८० साली ब्राझीलमध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वाटेने गेलेल्या आंजेलो द फोन्सेका यांना गोव्यात विरोध सोसावा लागला व ते पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले.

विरोधकांचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. प्रभू एका विशिष्ट काळी, यहुदी कुळात, बेथलेहेमात जन्मला. ते विसरलो तर देहधारण ही केवळ एक कथा उरेल.

तथापि सोळाव्या शतकातील फ्लॉरेन्सकडे पाहा. प्लाउतिल्ला नेल्ली (१५२४–१५८८) ही डॉमिनिकन संघाची धर्मभगिनी. तिने सुमारे सात मीटर लांबीचे ‘शेवटचे भोजन’ रंगविले. मेजावर भाजलेले कोकरू आहे, पाव व द्राक्षारस आहे. शिवाय सॅलडची पाने, शेंगा आणि चिनी मातीची उंची भांडीही आहेत. यरुशलेमेत चिनी मातीची भांडी कोठून येणार? पण तिने प्रभूला आपल्या ओळखीच्या मेजाशी बसविले, आणि चित्रावर आपल्या नावासह चित्रकर्तीसाठी प्रार्थना करण्याची विनंती लिहिली. दीर्घ जीर्णोद्धारानंतर २०१९ साली ते चित्र तेथील सांता मारिया नोव्हेल्लाच्या संग्रहालयात लोकांसमोर आले. त्याला कोणी परके म्हणत नाही.

मग हाच अधिकार अँजेलाबाईंना का नसावा? असावाच. मात्र येथे एक अडचण आहे, आणि ती भिलाईत विशेष जाणवते. १९५९ मध्ये येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली. आज रविवारच्या उपासनेत केरळची, आंध्रची, छोटा नागपूरची अन् आपली मराठी अशा नाना तऱ्हांनी नेसलेल्या साड्या दिसतात. मरियेची साडी यांपैकी कोणती? प्रत्येक जण आपलीच सांगेल. आपण देवाला आपल्या घरी आणतो की आरशात स्वतःलाच पाहतो, हे अशा वेळी ओळखणे कठीण होते.

नासरेथची मरिया काही बाहेरून स्थिरावलेल्या नोकरदाराच्या घरची नव्हती. ती त्याच मातीतली, गरीब सुताराची पत्नी होती. आपल्या स्तोत्रात तिने दीनांना उंच केल्याबद्दल देवाला गौरविले. तेव्हा भिलाईत कोणी तिचे चित्र काढावयास घेतले, तर त्याने आपल्या आईची साडी तूर्त बाजूला ठेवावी असे मला वाटते. सकाळी डोक्यावर घमेले घेऊन बांधकामावर जाणाऱ्या छत्तीसगढी रेजांकडे त्याने पाहावे. घोट्यांच्या वरच राहणारे त्यांचे लुगडे धुळीने माखलेले असते. असे चित्र आपण आपल्या भिंतीवर लावू काय?