नाही म्हणण्याचा अधिकार

एखादी वस्तू दिसली नाही, एवढ्यावरून ती नाहीच असा निकाल देण्याचा अधिकार आपणास केव्हा प्राप्त होतो, या प्रश्नावर आपल्या दर्शनकारांनी फार सूक्ष्म विचार केलेला आहे. कुमारिल भट्टाने अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले, नैयायिकांनी ते मानले नाही. परंतु जी वस्तू असती तर खात्रीने दिसली असती, तिचेच न दिसणे तिच्या अभावाची ग्वाही देऊ शकते, या अटीविषयी उभयतांत वाद नव्हता. अंधाऱ्या कोठीत घट दिसला नाही म्हणून घट नाही, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. ईश्वर, आत्मा, परलोक यांविषयीच्या आपल्या वादविवादांत या अटीची सर्रास हेळसांड होते. आणि ज्या भौतिक शास्त्रांचा हवाला देऊन ती केली जाते, त्यांच्याच प्रयोगशाळांत तिचे पालन किती कसोशीने करावे लागते, याचा मला दिसलेला सर्वांत बोलका दाखला आरएनए या रेणूवरील रासायनिक खुणांच्या मोजणीचा आहे.

आरएनएची लिपी चार अक्षरांची, असे शालेय पुस्तकांत वाचावयास मिळते. पण पेशी त्या अक्षरांवर मागाहून संस्कार करते. कुठे एखादा मिथिल गट चिकटवते, कुठे अक्षराची बैठकच फिरवते. असे दीडशेहून अधिक प्रकार आज नोंदले गेले आहेत. त्यांतला पहिला, स्यूडोयुरिडीन, १९५१ साली अमेरिकेतील ओक रिज येथे वाल्डो कोन व इलियट व्होल्किन यांच्या हाती लागला. आरएनएचे तुकडे आयन-विनिमयाच्या नळीतून वेगळे करीत असताना चार अपेक्षित घटकांखेरीज एक अनोळखी घटक बाहेर पडला. त्याचे वस्तुमान युरिडीनइतकेच, २४४. भेद एवढाच, की युरिडीनमध्ये शर्करेशी नायट्रोजनामार्फत असणारी जोडणी येथे कार्बनामार्फत असते. म्हणजे केवळ वस्तुमान पाहणाऱ्या साधनाला तो समोर असूनही सापडणे शक्य नव्हते, आणि अशा साधनाच्या भरवशावर कोणी ‘पाचवा घटक नाही’ असे जाहीर केले असते, तर ते विधान विज्ञानाच्या नावाने केलेले असूनही प्रमाणशून्य ठरले असते.

मग त्याला जागेवर पकडावे कसे? १९९३ साली बाकिन व ऑफेनगँड यांनी जी रीत प्रसिद्ध केली, तिचे मला विलक्षण आकर्षण वाटते. सीएमसी नावाचे एक कार्बोडायइमाइड आरएनएवर सोडावयाचे. ते स्यूडोयुरिडीनला चिकटते, पण युरिडीन व ग्वानोसीन यांनाही चिकटते. नंतर सौम्य क्षाराने धुतले, की त्या दोघांवरून ते गळून पडते आणि स्यूडोयुरिडीनवर मात्र टिकून राहते. आता आरएनएवरून डीएनएची नक्कल करणारे विकर त्या धाग्यावरून चालवले, म्हणजे ते त्या अक्षराच्या अलीकडे एक घर थबकते. जेलवर शेजारी शेजारी दोन रांगा असतात, एक सीएमसी दिलेली व दुसरी न दिलेली. पहिलीत एका ठिकाणी काळी पट्टी उमटते, दुसरीत तीच जागा कोरी राहते. संशोधकाला खूण स्वतः दिसत नाही, तिच्यापायी झालेली अडवणूक दिसते. आणि दुसरी रांग कोरी असल्याशिवाय पहिलीतील पट्टीला काहीच अर्थ नाही, कारण विकर इतर कारणांनीही अडखळते.

याच्या उलट कथा एन६-मिथिलॲडेनोसीनची. सस्तन प्राण्यांच्या संदेशवाहक आरएनएत तो आहे, हे १९७४ पासून ठाऊक होते. रेणूचे विकरांनी तुकडे तुकडे करून मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडले, तर साध्या ॲडेनोसीनची नोंद २६८ वर व याची २८२ वर होते, आणि प्रमाण बिनचूक मोजता येते. मात्र मोजण्यासाठी धागाच मोडलेला असल्यामुळे, किती हे कळते तेव्हा कुठे हे कायमचे हरवलेले असते. जागा शोधावी म्हणून नक्कल करणारे विकर चालवावे, तर हा मिथिल गट अक्षरांच्या जोडीआड येत नसल्याने ते न थांबता पुढे निघून जाते, आणि नकलेत खुणेचा मागमूसही उरत नाही. अशा लाखो नकला तपासून त्यांत काही आढळले नाही, तरी ते न आढळणे निरर्थक होते, दिवाच नव्हता. २०१२ साली दोन गटांनी या खुणेलाच धरून ठेवणारी प्रतिपिंडे वापरून तसे तुकडे निवडले, तेव्हा सुमारे ७,००० जनुकांच्या संदेशांवर, विशेषतः समाप्ति-संकेताच्या आसपास, तिचा पत्ता लागला.

येथवर आस्तिकाला बरे वाटेल. पण पुढचा अध्यायही त्याने वाचला पाहिजे. २०१६ साली एन१-मिथिलॲडेनोसीन ही खूण अशाच प्रतिपिंडांनी संदेशवाहक आरएनएत हजारो ठिकाणी असल्याचे प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी एकेका अक्षरापर्यंत पोचणाऱ्या पद्धतीने फेरतपास केला, तो पेशीद्रवातील संदेशांत अशा जागा मोजक्याच निघाल्या. आणि २०१९ साली दाखवले गेले की ते प्रतिपिंड संदेशाच्या आरंभी असणाऱ्या मिथिलयुक्त टोपीलाही चिकटत होते. न दिसण्यावरून नाही म्हणणे जितके उतावळे, तितकेच भासावरून आहे म्हणणेही. म्हणून आता दक्ष प्रयोगकर्ते परीक्षानळीत चार साध्या घटकांपासून एकही खूण नसलेला आरएनए मुद्दाम घडवतात, किंवा खूण लावणारे विकरच काढून टाकलेल्या पेशी वाढवतात, आणि आपली पद्धत तेथेही ‘आहे’ म्हणते काय हे पाहतात. अभाव हाताने निर्माण करून त्याच्याशी ताडून पाहिल्यावाचून भावाची खात्री पटत नाही, ही गोष्ट मला या सर्व खटाटोपात सर्वांत खोल वाटते.

नैयायिक उदयनाचार्यांच्या न्यायकुसुमांजली या ग्रंथाचा तिसरा स्तबक, म्हणजे अध्याय, या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगा आहे. जो इंद्रियांना गोचर होण्यास मुळात योग्यच नाही, त्याच्या न दिसण्याने त्याचे खंडन होत नाही, हे तेथे त्यांनी निःशंकपणे मांडले. तथापि एवढ्याने ईश्वर सिद्ध झाला असे त्यांनी मानले नाही. पाचव्या स्तबकात त्यांना स्वतंत्र अनुमाने मांडावी लागली, ज्यांत जग हे कार्य आहे, म्हणून त्याला कर्ता आहे, हे प्रमुख. गंमत अशी, की अनुपलब्धीला प्रमाणपद देणारा कुमारिल वेदांचा कडवा कैवारी असूनही जगाचा कर्ता मानीत नव्हता.

मी स्वतः श्रद्धावान आहे, आणि तिसरा स्तबक मला अबाधित वाटतो. पाचव्यापाशी मात्र माझे पाऊल अडते. कर्त्याने स्पर्श न केलेले एक जग शेजारच्या रांगेत ठेवून या जगाशी ताडून पाहण्याची सोय ना आस्तिकाला आहे ना नास्तिकाला. ती नसताना माझी श्रद्धा मी अनुमानाच्या रकान्यात लिहू शकत नाही, आणि ती खोडण्याइतका पुरावाही मला कोणी दाखवलेला नाही.