पेन्शन : खैरात की कर्ज?

म्हातारा सैनिक सरकारी कचेरीच्या दारात उभा राहतो, तेव्हा तो काय मागायला आलेला असतो? मदत, की आपले येणे? प्रश्न साधा वाटतो, पण बाकी सारे त्याच्या उत्तरावर ठरते. मदत मागणाऱ्याला आपण त्याची गरज विचारतो. येणे मागणाऱ्याशी फक्त हिशेब करायचा असतो. अंगावरचा सदरा फाटका असला की मात्र हा भेद कुणी पाळत नाही. एवढा गरीब माणूस सरकारचा धनको असू शकतो, हे कुणाला पटतच नाही.

या बाबतीत पश्चिम आफ्रिकेतील सैनिकांची हकीकत आपण समजून घ्यावी अशी आहे. फ्रान्सने १८५७ मध्ये सेनेगलमध्ये ‘तिरायर’ ही फौज उभारली. पुढे इतर वसाहतींतूनही तिच्यात भरती झाली. तिच्यात मुसलमान मोठ्या संख्येने होते आणि दोन्ही महायुद्धांत ते फ्रान्ससाठी लढले. जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेल्या काही सैनिकांनी डाकारजवळच्या थियारोय छावणीत आपला थकलेला पगार मागितला. १ डिसेंबर १९४४ रोजी फ्रेंच सैन्याने त्यांच्यावरच गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा ३५ मृतांचा सांगितला जातो. खरा आकडा त्याहून बराच मोठा असावा, असे अनेक इतिहासकार मानतात. ही कत्तल होती, हे फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी २०२४ मध्ये मान्य केले. मध्ये ऐंशी वर्षे गेली.

गोळीबाराचा निषेध करणे सोपे आहे. त्यानंतर जो कायदा आला, त्याचा विचार अधिक अवघड आहे. डिसेंबर १९५९ च्या कायद्याने स्वतंत्र होणाऱ्या वसाहतींतील सैनिकांची पेन्शन आहे त्या दरावर गोठवली गेली. फ्रेंच सैनिकाची पेन्शन मात्र वाढत राहिली. २००१ मध्ये ‘दिओप’ खटल्यात फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने हा भेदभाव ठरवला. तेव्हा सरकारने नवा युक्तिवाद काढला : आफ्रिकेत राहणीमान स्वस्त आहे, म्हणून तेथील क्रयशक्तीप्रमाणे पेन्शन देऊ.

वरवर पाहता हे म्हणणे पटण्यासारखे आहे. पण मजुरी कामाची असते, की मजुराच्या पोटाची? शेतमालकाने मजुराला, ‘तुझ्या घरी भाकरी स्वस्तात होते, तू निम्मेच घे,’ असे म्हटले तर आपण त्याला काय म्हणू? शिवाय आफ्रिकेतल्या त्याच गावात राहणाऱ्या फ्रेंच नागरिकाला ही कपात लागू नव्हती. फ्रान्सच्या घटनापरिषदेने २८ मे २०१० रोजी नेमक्या याच मुद्द्यावर ती तरतूद रद्द केली. म्हणजे स्वस्ताईचे कारण खरे नव्हते; माणूस कोणत्या देशाचा, एवढेच पाहिले जात होते.

कुणी म्हणेल, हे सैनिक साम्राज्यासाठी लढले. व्हिएतनाम आणि अल्जीरियाच्या स्वातंत्र्याविरुद्धही त्यांना वापरले गेले. त्यांची कसली बाजू घेता? त्या युद्धांचे समर्थन आम्ही करीत नाही. पण ज्याने काम करवून घेतले, त्याला कामाच्या वाईटपणाकडे बोट दाखवून मजुरी बुडवता येत नाही. युद्धाचा दोष युद्ध पुकारणाऱ्याच्या खाती जमा होतो.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. इटलीच्या ज्या मोहिमेत मोरोक्को-अल्जीरियाचे सैनिक लढले, तिच्यातच मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. १९४४ मध्ये तेथेच धारातीर्थी पडलेल्या यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पंचवीस लाख हिंदी सैनिक होते. युद्ध संपताच त्यांतील बहुतेकांना घरी पाठवले गेले. जवानाच्या पेन्शनला पंधरा वर्षांची नोकरी लागते. युद्धापुरते भरती झालेले त्या नियमात बसलेच नाहीत. पुढे राज्यांनी त्यांना व त्यांच्या विधवांना काही रक्कम सुरू केली. ती हवीच होती. पण तिचे नाव पाहावे : ‘आर्थिक मदत’.

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. शहिदाचे इतर गुनाह माफ होतात, पण कर्ज माफ होत नाही, हेही आपण ऐकले आहे. जीव दिलेल्या माणसालाही जे कर्ज चुकत नाही, ते त्याच्या जिवावर जिंकलेल्या सरकारला कसे चुकेल? ऋणकोने टाळाटाळ करीत धनकोच्या मरणाची वाट पाहावी, यासारखी दुसरी बेइमानी नाही. म्हाताऱ्या माणसाला ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणणे आणि तरुणाला तेच म्हणणे यांत फार अंतर आहे. एप्रिल २०२३ मध्ये नऊ तिरायर सेनेगलला कायमचे परतले. तोपर्यंत वृद्धापकाळाचा भत्ता टिकवण्यासाठी त्यांना वर्षातले निम्मे दिवस बायकामुलांपासून दूर, फ्रान्समध्ये काढावे लागत. त्यांतले काही नव्वदी ओलांडलेले होते.

आपल्या मोहल्ल्यात एखादा जुना सैनिक किंवा त्याची विधवा असेल. तिला जकात देऊन आपण मोकळे होऊ नये. जकात तिच्या गरजेपोटी आहे. पेन्शन तिच्या नवऱ्याच्या कष्टाची आहे. तिचे कागद नीट लावावेत, हयातीचा दाखला वेळेवर पोचवावा, तिच्याबरोबर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे, आणि तेथे तिच्या वतीने विनवणी न करता हिशेब विचारावा. मयताचे कर्ज फेडल्याशिवाय वारसा वाटायचा नाही, ही आपली रीत आहे. विजयाचा वारसा वाटून घेणाऱ्या राष्ट्रांनाही ती लागू आहे, असे आम्हांला वाटते.