दावे सोडून पाण्यावर न्या

वाचन : लूक, अध्याय 13, वचने 10 ते 17



सोलापूर प्रांतातला वैशाख कसा असतो, हे तुम्हांस सांगावयास नको. पारा 40 अंशांच्या वर चढतो आणि भर दुपारी माळावर जिवंत असे काही दृष्टीस पडत नाही. तथापि जीव नाहीसे झालेले नसतात. प्रत्येक जण आपापल्या आसऱ्यास गेलेला असतो. पशुपक्ष्यांस विचारून शिकावे, असे इयोबाने आपल्या मित्रांस सुनावले होते. तर आज आपणही त्यांच्या शाळेत घटकाभर बसू या.

सरड्याच्या देहास स्वतःची ऊब नाही. म्हणून सकाळी तो दगडावर अंग शेकतो. ऊन चढले म्हणजे पाय ताठ करून पोट उचलून धरतो, आणि शेवटी फटीत शिरतो. पक्ष्यांस घाम येत नाही. म्हणून कावळा लिंबाच्या दाट फांदीत चोच उघडून धापा टाकतो व घशातील ओलाव्यावाटे उष्णता बाहेर घालवितो. टिटवीची अंडी उघड्या माळावर असतात. ती त्यांवर उभी राहून सावली धरते, आणि पोटाची पिसे पाण्यात भिजवून येऊन त्यांस गारवा देते. मोहोळातील माश्या पाणी आणून पोळ्यावर पसरतात व पंखांनी वारा घालतात, म्हणजे पिलांच्या घरांतील उष्णता 35 अंशांच्या आसपास राहते. धनगराचे कळप पाहा. झाड नसेल तेथे मेंढरे एकमेकांस बिलगून उभी राहतात, आणि प्रत्येक जण आपले डोके दुसऱ्याच्या पोटाखालच्या सावलीत घालतो.

आता आपली पंढरपुरी म्हैस घ्या. तिचे तलवारीसारखे लांब शिंग आपण कौतुकाने पाहतो, पण तिची अडचण पाहत नाही. कातडी काळी, केस विरळ, आणि घाम गाळणाऱ्या ग्रंथी गाईच्या मानाने फार थोड्या. घामाने तिचे अंग पुरेसे निवत नाही. म्हणून ती पाण्यात बसते. अंगावरचा चिखल वाळेपर्यंत थंडावा टिकतो आणि गोमाश्याही दूर राहतात. लोक म्हणतात, म्हैस आळशी, दिवसभर डुंबते. बंधूंनो, तो आळस नव्हे. ती आपला जीव राखीत असते.

या सर्वांच्या उपायांत एक गोष्ट समान आहे, ती ध्यानात घ्या. सावलीकडे, पाण्याकडे, फटीकडे जावयास पाय मोकळे पाहिजेत. उत्पन्नकर्त्याने त्यांस शहाणपण दिले, ते चालण्याबरोबर दिले. आणि आपण त्या पायांस काय करितो? सकाळी झाडाच्या सावलीत खुंटा ठोकून दावे बांधतो व कामास जातो. सूर्य सरकतो, सावली सरकते, खुंटा मात्र सरकत नाही. दोन प्रहरी ते मुके जनावर उन्हात उभे असते. सावली कोठे आहे हे त्यास ठाऊक असते. तिकडे तोंड करून ते उभे राहते. पण दावे पुरत नाही. ज्या घटकेस आपण गाठ मारिली, त्या घटकेस त्याची काळजी आपल्या माथी आली. जो बांधतो, त्यानेच सोडले पाहिजे.

सभास्थानाचा अधिकारी रागावला, तेव्हा प्रभूने हीच गोष्ट पुढे केली. शब्बाथ दिवशीदेखील तुम्ही आपला बैल सोडून पाण्यावर नेत नाही काय, असे त्याने विचारले. आणि तेथे तो थांबला नाही. बैलावरून तो 18 वर्षे जखडलेल्या बाईकडे वळला. बैलाचे दावे सोडणारा हात बहिणीचे बंधन सोडावयास का कचरतो, हा त्याचा प्रश्न होता.

तो प्रश्न आज आपल्या शिवारात उभा आहे. वीटभट्टीवरील मजुराच्या गळ्यात दोर नाही, पण त्याने घेतलेली उचल हेच त्याचे दावे. खुरपणाऱ्या बाईस सावली दिसते, पण मजुरी कापली जाईल या भयाने ती उठत नाही. पत्र्याच्या घरात खाटेस खिळलेल्या म्हाताऱ्यास त्याचे दुखणेच बांधून ठेविते. ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांविषयी सरकारने 1965 साली नियम केले. उष्णता 37 अंशांच्या वर असेल तेथे दुपारी 12 ते 3 त्यांस जुंपू नये, असे त्यांत आहे. बैलास जी दुपार मिळावी, ती आपल्या बहिणीस मिळू नये काय?

कोणी म्हणेल, काम थांबविले तर परवडत नाही. मग पहाटे आरंभ करा, ऊन चढताच थांबा, उन्हे उतरल्यावर पुन्हा लागा. पण मजुरी कापू नका. मजूर बरळू लागला, त्याचे अंग तापून निघाले, तर तो कामचुकार आहे असे म्हणू नका. त्यास सावलीत न्या, अंगावर पाणी घाला, वारा घाला आणि विलंब न लाविता दवाखान्यात पोहोचवा.

म्हणून या आठवड्यात प्रत्येक घराने दुपारी एकदा उठून आपला खुंटा पाहावा. जनावर उन्हात असेल तर हलवावे व पाणी दाखवावे. मग शेजारच्या पत्र्याच्या घरात डोकवावे आणि तेथे कोणी एकटे पडले आहे काय, हे विचारावे. मेंढरू दुसऱ्याच्या सावलीत डोके घालते, तेव्हा त्याच्याही सावलीत कोणाचे तरी डोके असते. मंडळीही अशीच असावी. जो आपणांस उन्हात सावली असा झाला, तो आपणांस इतरांची सावली करो. आमेन.