मुदतीआधीचा शब्द

‘एकदा शब्द दिला की दिला’ असं म्हणणारी माणसं मला फार थोर वाटतात. आमच्या घराण्यात असा एकच पुरुष होऊन गेला, तो म्हणजे माझे आजोबा. त्यांनी जन्मात कुणाला शब्दच दिला नव्हता, हे त्यामागचं रहस्य मला पुष्कळ उशिरा कळलं. बाकीचे आम्ही सगळे ‘बघू’, ‘जमवू’, ‘कळवतो’ या पंथातले.

त्यामुळे गेल्या नोव्हेंबरात पहाटे साडेपाचला न्यू जर्सीहून भाचीचा फोन आला आणि तिनं विचारलं, ‘मामा, दिलेला शब्द परत घेतला तर माणूस खोटा ठरतो का गं?’ (तिचं मराठी मामाला आणि मामीला एकाच मापानं मोजतं.) मी आधी चहा मागवला. नैतिक प्रश्न रिकाम्या पोटी सोडवू नयेत.

भानगड अशी होती. तिकडे कॉलेजात शिरायच्या दोन मुख्य वाटा. एक नेहमीची, ‘रेग्युलर डिसिजन’. जानेवारीच्या सुमारास चार-दहा ठिकाणी अर्ज टाकायचे, मार्चअखेरपर्यंत उत्तरं येतात आणि कुठे जायचं ते साधारण १ मेपर्यंत ठरवायचं. दुसरी ‘अर्ली डिसिजन’. नोव्हेंबरातच एका, फक्त एका कॉलेजला लिहून द्यायचं की तुम्ही घेतलंत तर मी तुमचीच. बाकी सगळीकडचे अर्ज मागे घेईन. त्यावर सही मुलीची, सही पालकांची, वर शाळेच्या समुपदेशकाची. आमच्याकडे लग्नाच्या यादीवरही इतक्या सह्या नसतात! या निष्ठेचं बक्षीस म्हणजे निकाल डिसेंबरच्या मध्यावर, आणि बऱ्याच कॉलेजांत या वाटेनं निवड होण्याचं प्रमाणही जास्त.

भाचीनं सही केली होती. आता तिला तो अर्ज दुसऱ्या वाटेवर वळवायचा होता.

‘कॉलेज आवडेनासं झालं?’

‘नाही. खूप आवडतं.’

मग हळूहळू बाहेर आलं. भाऊजींच्या कंपनीत माणसं कमी करणं चाललं होतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण तिकडच्या घरांच्या आतल्या भिंती पातळ, आणि ताईला हळू बोलता येत नाही. कॉलेज खाजगी, वर्षाचा खर्च ८०,००० डॉलरच्या वर. मी त्याला चारांनी गुणलं, रुपयांत करायला घेतलं आणि चहा गार झाला. चार कॉलेजांची उत्तरं हातात असली तर कोण किती मदत देतं ते ताडून बघता येतं. एकाच दुकानातून घ्यायचं वचन देऊन बसल्यावर भाव कसला करणार? मदत पुरेशी मिळाली नाही तर वचनातून सुटका असते म्हणतात. पण ‘पुरेशी’ म्हणजे किती, यावर देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं एकमत झालेलं मी कर्जखात्यात चार वर्षं काढूनही पाहिलेलं नाही.

‘बाबा म्हणतात, सही केली आहे. आपण शब्द फिरवत नाही.’

बी.कॉम.ला आम्हाला १८७२ चा करार कायदा होता. समोरच्यानं मान्यता रवाना करेपर्यंत प्रस्ताव मागे घेता येतो, असं त्यात आहे. माझ्या आठवणीत राहिलेलं ते एकमेव कलम, कारण ते परीक्षेत आलं नाही. हा कायदा न्यू जर्सीत चालत नाही, हे मला ठाऊक आहे. पण निकालाआधी लेखी कळवलं तर अर्ज वळवून देणारी कॉलेजं तिकडे पुष्कळ आहेत. आणि विद्यापीठांचं तरी काय? ही वाट किंमत न विचारणाऱ्यांच्याच सोयीची, अशी ओरड झाल्यावर व्हर्जिनिया विद्यापीठानं ती बंद करत असल्याचं २००६ मध्ये जाहीर केलं आणि २०१९ मध्ये पुन्हा उघडली. विद्यापीठाला मत फिरवायला तेरा वर्षं मिळतात. सतरा वर्षांच्या मुलीला तीन आठवडे!

पण कायद्याला चालतं ते मनाला चालतंच असं नाही. तेव्हा मी माझ्या काउंटरला शरण गेलो.

आमच्याकडे रोज कुणीतरी मुदतठेव मोडायला येतं. ‘पाच वर्षांचा शब्द दिला होतात, लाज नाही वाटत?’ असं मी आजवर कुणालाही विचारलेलं नाही. कारण तो माणूस पैसे राहिले तेवढ्या काळाचंच व्याज घेतो, वर दंड सोसतो आणि निमूट जातो. भांडण होतं ते एकाच जातीच्या गृहस्थांशी. ठेव दहा महिन्यांत मोडायची आणि व्याज मात्र पाच वर्षांच्या दरानं हवं!

‘लाभासकट शब्द सोडला तर ती माघार,’ मी म्हणालो, ‘लाभ ठेवून सोडला तर लबाडी. तू लवकरच्या रांगेतला फायदा सोडते आहेस. खोटं ठरायचं असेल तर आत्ता गप्प बस, निवड होऊ दे आणि मग सबबी शोध. तोवर ती जागा दुसऱ्या कुणाची तरी अडवून ठेव.’

‘मग पाठवू पत्र?’

‘आधी बाबांना सांग. सही त्यांचीही आहे.’

पलीकडे बराच वेळ शांतता. बारा-तेरा हजार किलोमीटरची.

‘मामा, मग त्यांना कळेल ना, की मला माहीत आहे.’

यावर करार कायद्यात कलम नाही. मी एवढंच म्हणालो, ‘कळू दे.’

पुढे प्रवेश कुठे मिळाला ते ताई भेटेल त्याला स्वतःच सांगते. तिच्या आनंदावर मी डल्ला मारत नाही. मला सांगायचंय ते भाऊजींच्या फोनबद्दल. तो चार दिवसांनी आला. नोकरीविषयी अवाक्षर नाही. दहा मिनिटं थंडीवर बोलले. मग म्हणाले, ‘पत्र पाठवलं. मीही सही केली.’ आणि जरा थांबून, ‘काय हो, ठेव मोडायला आलेल्याला तुम्ही खरंच काही विचारत नाही?’

‘कारण विचारतो की,’ मी म्हणालो. ‘लोक “घरगुती अडचण” म्हणतात. आम्ही पुढे विचारत नाही.’

‘आम्हीही तेच लिहिलं,’ भाऊजी म्हणाले.